बोलून नेमके काय बदलते?

सल्ला देणाऱ्या माणसांची बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कधीच टंचाई नव्हती. घरातला कर्ता पुरुष गप्प गप्प राहू लागला किंवा सुनेचे जेवण कमी झाले, की भावकीतले आणि गल्लीतले चार जण येऊन बसतात, "मनाला लावून घेऊ नको", "देवाचे नाव घे", "जरा बाहेर फिरून ये" असे सांगतात आणि चहा घेऊन उठतात. त्या बोलण्यात माया असते आणि ती खोटी नसते. तरीही मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक यांच्यापुढे बसून बोलणे हे निराळे काम आहे, आणि ते कसे निराळे हे न कळल्यामुळे काही जण तिकडे फिरकतच नाहीत, तर काही जण एकदा जाऊन "त्यांनी काहीच सांगितले नाही, नुसते विचारत बसले" अशी तक्रार घेऊन परत येतात. ही दुसरी तक्रार मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण लगेच काही न सांगणे हा पुष्कळदा त्या उपचाराचाच भाग असतो.

ताण आला की प्रत्येक माणूस तो कसा तरी निभावतो. कुणी कामात बुडवून घेतो, कुणी पांघरूण ओढून पडून राहतो, कुणी भजनाला जाऊन बसतो, कुणी दारूच्या दुकानाकडे वळतो, कुणी बायकामुलांवर ओरडतो, कुणी मोबाइल बघत रात्रीचे दोन वाजवतो. या सगळ्या ताण निभावण्याच्या रीती आहेत आणि त्यांतली एकही विनाकारण आलेली नसते. कधी ना कधी तिने त्या माणसाला तगवलेले असते. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली सविस्तर मांडलेला विचार आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांच्या मते माणूस नकळत दोन गोष्टींचा अंदाज घेतो: समोर आलेले संकट केवढे आहे, आणि त्याबाबत आपल्या हातात काय आहे. त्यानंतर तो एक तर परिस्थिती बदलायला जातो, नाही तर परिस्थितीमुळे मनात उठलेली खळबळ शांत करायला बघतो. थकलेला पगार मागायला मालकाकडे जाणे ही पहिली रीत झाली, आणि पगार थकल्याची चीड उतरावी म्हणून संध्याकाळी बेळगावच्या किल्ला तलावाभोवती चालून येणे ही दुसरी.

या दोहोंत एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे काही नाही. घोटाळा होतो तो अदलाबदल झाल्यामुळे. जिथे काही करता येण्यासारखे आहे तिथे माणूस नुसते मन रमवत बसतो, आणि जिथे काहीच करता येत नाही तिथे रात्र रात्र जागून डावपेच आखतो. सीमाभागातल्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल कुणा एका घराच्या हातात नाही. मात्र सरकारी कचेरीतला कन्नड अर्ज कुणाकडून समजून घ्यायचा, मुलीला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे, हे त्या घराच्या हातात आहे. दोन्ही काळज्या एकमेकींत मिसळल्या की करता येण्यासारखे असते तेही राहून जाते. त्या वेगळ्या करायला मदत करणे हे समुपदेशकाचे एक मोठे काम असते, आणि ते सल्ल्याने होत नाही, प्रश्नांनी होते.

एखादी रीत हितकारक आहे की घातक, हे तिच्या नावावरून ठरवता येत नाही. वडील गेल्यावर आठवडाभर कुणाशी न बोलता पडून राहणे स्वाभाविक असू शकते, आणि रोज चार तास भजनी मंडळात बसणे हे घरातला कर्जाचा विषय टाळण्याचे साधनही असू शकते. म्हणून उपचारात प्रत्येक रीतीला दोन वेळा विचारले जाते: तासाभरात तिने काय दिले, आणि महिनाभरात तिने काय घेतले. जी रीत तात्काळ आराम देते आणि हळूहळू जगणे आखडते, तिच्यावर काम करायचे असते.

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून रोज बेळगावला कापडाच्या दुकानात कामाला येणारी पस्तिशीतली बाई कल्पून पाहू. एके दिवशी भरलेल्या बसमध्ये तिच्या छातीत अचानक धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार असे वाटते. दवाखान्यात ईसीजी काढतात, रक्त तपासतात, सगळे ठीक निघते. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर पोहोचताच पुन्हा पोटात गोळा येतो, म्हणून ती घराकडे वळते, आणि वळताक्षणी तिला मोकळे वाटते. दुखणे रुजते ते या मोकळे वाटण्यात. बस टाळली म्हणून मी वाचले, असा धडा मेंदू घेतो. बस टाळली नसती तरीही ती वाचलीच असती, हे पडताळून पाहण्याची संधी त्याला मिळतच नाही. पुढे आठवड्याचा बाजार सुटतो, लग्नकार्ये सुटतात, जत्रा सुटते. सासू "राहू दे, नको जाऊस" म्हणते, नवरा दुचाकीवरून सोडू लागतो, मुलगा सोबतीला जातो, कुणी तरी देवऋष्याकडून अंगारा आणून तिच्या पर्समध्ये ठेवतो. घरातले सगळे जण प्रेमाने वागतात आणि सगळे जण मिळून भीतीला बळ देतात.

अशी बाई उपचाराला आली की पहिल्या एक-दोन भेटींत तिला बहुधा काही सांगितले जात नाही. भीती आली तेव्हा तुम्ही कुठे होता, त्याआधी काय घडले होते, मनात पहिल्यांदा काय आले, तुम्ही काय केलेत, त्यानंतर कसे वाटले, हे विचारले जाते आणि आठवडाभर वहीत टिपून आणायला सांगितले जाते. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर बोलून ठेवणे किंवा घरातल्या कुणाकडून लिहून घेणे असे मार्ग काढतात. मग शरीरात काय घडते ते समजावले जाते. धोका जाणवला की शरीर पळण्याची तयारी करते, ॲड्रेनालिन हे संप्रेरक सुटते, काळीज जोरात धडधडते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून मुंग्या व चक्कर येते. थोडक्यात, तिला जे मरणाचे लक्षण वाटले ती चुकीच्या वेळी वाजलेली धोक्याची सूचना होती. नुसत्या या माहितीनेही काहींचा निम्मा भार उतरतो.

खरे काम त्यानंतरचे. ती आणि समुपदेशक मिळून सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या ठरवतात: आधी थांब्यावर दहा मिनिटे उभे राहायचे, मग शेजारच्या गावापर्यंत कुणाला तरी घेऊन जायचे, मग तेवढेच अंतर एकटीने, मग खानापूर, मग बेळगाव. प्रत्येक पायरीवर भीती वाढू द्यायची आणि ती ओसरेपर्यंत पळून यायचे नाही. भीती वाढतच जाईल आणि कधी संपणारच नाही अशी तिची खात्री असते. प्रत्यक्षात ती बहुधा एका टप्प्यानंतर आपोआप उतरू लागते, आणि ओसरायला वेळ लागला तरी ज्याची धास्ती होती ते घडलेले नसते. हे ऐकून पटत नाही, अनुभवूनच पटते. आखडलेल्या खांद्याला फिजिओथेरपीच्या टेबलावर मिळणारी पंधरा मिनिटे दिशा दाखवतात, पण हात सुटतो तो घरी रोज केलेल्या व्यायामाने. इथेही आठवड्यातल्या पाऊण तासाच्या भेटीपेक्षा मधल्या सहा दिवसांचे महत्त्व अधिक. पुढे पुढे सोबतीचा मुलगा, पाण्याची बाटली आणि पर्समधला अंगारा यांवाचूनही प्रवास करून पाहायला सांगतात. यात श्रद्धेचा अपमान नसतो. वाचले ते अंगाऱ्यामुळे की आपोआप, हे तिला स्वतःला कळावे एवढाच हेतू असतो.

विचारांवर काम करणारी पद्धत याच घराण्यातली. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती वेगवेगळ्या वाटांनी घडवली. मराठी वाचकांना एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके यांच्यामुळे आणि पुढे ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे बराच परिचयाचा आहे. बेळगाव तालुक्यातल्या गावागावांत पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरात असल्यामुळे सैन्यभरतीचे स्वप्न इथे घरोघरी असते. त्यांतला एखादा मेडिकलमध्ये बाद होतो, वयाची मर्यादा उलटते, आणि तो घराबाहेर पडणे बंद करतो. "माझे काही खरे नाही, गावाला तोंड कसे दाखवू" हा विचार त्याला विचार वाटतच नाही, ती त्याला वस्तुस्थिती वाटते. समुपदेशक त्याला "सकारात्मक विचार कर" असे सांगत नाही, निदान सांगू नये. तो विचारतो, बाद होणे ही घटना आणि निकामी असणे हा निष्कर्ष, यांच्यामध्ये नेमके काय आहे? तुझ्या मित्राच्या बाबतीत हेच घडले असते तर तू त्याला निकामी म्हणाला असतास का? गाव हसते याचा पुरावा कोणता, आणि दोघे-चौघे हसले तरी त्याने पुढचे काय अडते? भरती व्हावी ही इच्छा आणि भरती झालीच पाहिजे हा हट्ट, यांतल्या फरकावर एलिस यांचा सगळा भर होता. दुःख राहते, ते राहायलाच हवे. त्या दुःखाने आयुष्य थांबणे मात्र टाळता येते.

उदासपणाच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, विचारांशी वाद घालण्याइतकेही त्राण कित्येकांत नसते. तिथे वागण्यापासून सुरुवात करणारी पद्धत उपयोगी पडते, आणि तिचा आपल्याला जवळचा वाटावा असा पुरावा चोर्ला घाट उतरल्यावर लागणाऱ्या गोव्यातच सापडतो. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगात' या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ रुग्णांवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. या रुग्णांचे डिप्रेशन किरकोळ नव्हते. अर्ध्या जणांना नेहमीचेच उपचार थोडे सुधारून दिले, उरलेल्यांना त्याबरोबर ६ ते ८ भेटींचे समुपदेशनही दिले. ते देणारे लोक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

त्या भेटींत काय होत होते, हे समजून घेण्यासारखे आहे. डिप्रेशनमध्ये माणूस आधी आनंदाच्या गोष्टी सोडतो, मग गरजेच्या, आणि जितके सोडतो तितके मन अधिक बुडते, म्हणून तो आणखी सोडतो. समजा, बेळगावच्या वडगाव भागातला एक विणकर आहे. मागणी घटून त्याचे माग थांबले, आता तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. उमेद आली की काम करीन, असे तो म्हणतो. उपचार ही दिशा उलटी फिरवतो: थोडे काम केले तर मागाहून उमेद येण्याचा संभव आहे. पहिल्या आठवड्यात सात वाजता तोंड धुऊन ओट्यावर बसणे, एवढेच ठरते. पुढच्या आठवड्यात मागाची साफसफाई, त्यानंतर जुन्या सोबत्याच्या घरी एक चक्कर. प्रत्येक कामानंतर किती बरे वाटले ते दहापैकी गुण देऊन सांगायचे. ऐकायला हे पोरकट वाटते, आणि घरच्यांनी हेच "ऊठ, कामाला लाग" असे सांगितले की ते टोमण्यासारखे लागते. फरक असा की इथे काम त्याने स्वतः निवडलेले असते, ते जमण्याइतके लहान असते, आणि जमले नाही तर का जमले नाही यावर कुणी न रागावता बोलते.

दारूच्या बाबतीतही डॉ. पटेल यांच्या याच संशोधक गटाने गोव्यात पुरुषांसाठी जास्तीत जास्त ४ भेटींचे समुपदेशन करून पाहिले; तीन महिन्यांनी ३६ टक्के जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले, समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा फरक डोळे दिपवणारा नाही, पण शिव्या, शपथा आणि देवासमोर हात ठेवायला लावणे यांच्या जोरावर दारू सोडवण्याच्या आपल्या परंपरेला तो विचार करायला लावणारा नक्कीच आहे. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला "का पितोस" असे विचारण्याऐवजी पिण्याने काय मिळते आणि काय जाते हे त्याच्याच तोंडून काढून घेतले, तर बदलाचे कारणही त्याचे स्वतःचे राहते. इथे एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. अशा वेळी आधी डॉक्टर, मग समुपदेशन.

सगळाच ताण मनातून सुटणारा नसतो, हे प्रामाणिक समुपदेशकाने पहिल्यांदा मान्य करावे. बचतगटाच्या नावावर तीन ठिकाणचे सूक्ष्मकर्ज घेतलेल्या निपाणीच्या विडी कामगार बाईला वसुलीवाला दारात येऊन बोलतो, तेव्हा तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे ही थट्टा ठरेल. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्याची माहिती देणे, तक्रार कुठे करायची ते सांगणे, सोबत जाणारे माणूस शोधणे, हीसुद्धा ताण निभावण्याचीच रीत आहे. श्वासाचा व्यायाम त्या दिवशी रात्री झोप लागण्यासाठी कामी येतो.

आणि नुसते बोलणे नेहमी गुणकारी असते असेही नाही. दोन मैत्रिणी रोज त्याच दुःखाची त्याच शब्दांत उजळणी करत राहिल्या तर मैत्री घट्ट होते, पण उदासपणा वाढू शकतो, असे किशोरवयीन मुलींच्या अभ्यासांत दिसले आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यातली गावेच्या गावे बुडाली. अशा आपत्तीनंतर लगेच लोकांना गोळा करून "काय काय पाहिले ते सगळे सांगा" असा आग्रह धरणे एकेकाळी हिताचे समजले जाई. आता जागतिक आरोग्य संघटना असे एकाच बैठकीतले बोलते करणे वापरू नये असे सांगते. आधी निवारा, अन्न, हरवलेल्या माणसांची खबर, आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे ऐकून घेणे. चांगल्या उपचारात बोलणे पुढे सरकते. आठवडेच्या आठवडे तेच बोलणे चालले असेल, तर रुग्णाने तसे तोंडावर विचारावे. त्यात उद्धटपणा नाही.

भाषेचा प्रश्न इथे आडपडद्याने येतो. घरी मराठी, कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी वाटणी असलेल्या माणसाला आपली लाज आणि राग कोणत्या भाषेत बोलता येतात, हे पाहिले पाहिजे. कन्नडभाषक समुपदेशक इथे मराठी समजून घेतात आणि बहुतेकांचे काम त्यावर भागतेही, पण भेट ठरवतानाच विचारलेले बरे. दुसरी अडचण गावाची. ओळखीच्या माणसाने दवाखान्याच्या बाकावर पाहिले तर मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल, ही धास्ती खोटी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद त्याला आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावेत.

मदतीची ठिकाणे तशी आवाक्यात आहेत. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात राज्य सरकारच्या मनोचैतन्य योजनेखाली मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी, साधारणपणे मंगळवारी, येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या फोनवरच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क चालतो आणि त्यावर भाषा निवडता येते. औषधे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, ती विचारून घ्यावी, कारण नुसती "समुपदेशक" ही पाटी कुणीही लावू शकतो. भास, तीव्र संशय, आठवडाभर जवळजवळ न झोपता चढलेला भलता उत्साह, अशी लक्षणे असतील तर बोलण्याच्या उपचाराआधी डॉक्टर आणि औषध हवे. कुणी जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर "जीव द्यावासा वाटतो का" असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो; त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

उपचार किती चालतो हे आजारावर अवलंबून असते. विचारांवर आणि वागण्यावर काम करणाऱ्या, वर सांगितलेल्या पद्धतीच्या, म्हणजे विचार-वर्तन उपचाराच्या साधारण १२ ते २० भेटी धरतात, काहींचे त्याहून कमीत भागते. शेवटच्या भेटी आठवड्याऐवजी पंधरवड्याने, मग महिन्याने ठेवतात, आणि त्यांत एक कागद तयार होतो: पुन्हा घसरण सुरू झाली तर पहिल्यांदा काय दिसेल, गेल्या वेळी कशाने बरे वाटले होते, कोणत्या जुन्या सवयीकडे पाय वळतील आणि कुणाला फोन करायचा. खानापूरच्या त्या बाईच्या कागदावर पहिली ओळ बहुधा अशी असेल: सलग दोन दिवस बस टाळली, तर तिसऱ्या दिवशी थांब्यावर जायचेच.